काटा थांबेपर्यंत

कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला आणि बाबा म्हणाले, "छटाकी, तो पितळी डबा दे गं इकडे."

छटाकीच्या हातातून डबा सुटला. आतली बारीक वजनं फरशीभर पळाली. एक गडगडत थेट फिल्मवाल्या बाईच्या बुटाखाली गेलं.

"कट," बाई म्हणाल्या. "असू दे ताई, परत घेऊ. घाबरू नका, कॅमेरा चावत नाही."

छटाकी कॅमेऱ्याला घाबरलीच नव्हती. बाप आपल्याशी बोलला, एवढ्यानंच तिच्या हातातलं बळ गेलं होतं. ती गुडघ्यावर बसून वजनं गोळा करू लागली. दिवा विझला होता. तिनं हळूच वर बघितलं. बाबांनी मान भिंतीकडे फिरवली होती आणि तोंड असं मिटलं होतं, की जणू ते मघाशी उघडलंच नव्हतं.

छटाकी हे तिचं खरं नाव नव्हे. जन्मली तेव्हा इवलीशी होती. बाबांनी तिला दुकानातल्या मोठ्या पारड्यात निजवलं आणि म्हणाले, ही तर छटाकभर आहे. ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आता ती चाळिशीला टेकली होती, अंगानं चांगली भरली होती, तरी खालच्या मजल्यावरची आत्या जिन्यातून ओरडायची, "ए छटाकी, दळण आणलंस का?" आणि नवीन भाडेकरू वाकून बघायचे, की कोण बाई ही चिमुरडी.

बाबा तराजू दुरुस्त करायचे. गल्लीत त्यांना काटेवाले म्हणायचे. खाली दुकान, सगळ्यांत वर दोन खोल्या. दुकानात आढ्याला दांड्या टांगलेल्या, लहान, मोठ्या, एक तर माणसाच्या उंचीची. सोनाराचा काटा, रद्दीवाल्याचा काटा, औषधाच्या दुकानातला काचेच्या पेटीतला काटा, सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले. लहानपणी छटाकी त्यांच्यासमोर बसून वजन वाचायची. काटा डुलत असतानाच ओरडायची, "बरोब्बर!" आणि टाळूवर टपली बसायची. "काटा थांबेपर्यंत तोंड उघडायचं नाही. डुलणारा काटा दोन्हीकडचं खोटं बोलतो."

पुढे काळ फिरला. दुकानादुकानांत इलेक्ट्रॉनिक काटे आले, आकडे दाखवणारे. बाबांकडे गिऱ्हाईक येईना. घर चालायला हवं होतं, तेव्हा छटाकी त्याच नव्या काट्यांच्या कंपनीत लागली. दुकानांत जाऊन काटे बसवायचे, बिघडले तर बघायचे. बाबा कुरकुरले, पण गप्प राहिले. मग एक दिवस कंपनीनं तिला चौकातल्या धान्यवाल्याकडे पाठवलं. तिथला जुना काटा बाबांच्या बाबांनी केलेला, दर वर्षी बाबांकडे दुरुस्तीला यायचा. तो उतरवून, त्याची दांडी खांद्यावर घेऊन ती दुकानाबाहेर आली, आणि समोरून बाबा येत होते.

त्या दिवसापासून बाबा तिच्याशी बोलले नाहीत.

आई होती तोवर निभलं. "सांग तुझ्या लेकीला, दार लावून घे म्हणावं." लेक हातभर अंतरावर उभी असायची. आईसुद्धा मान वळवून म्हणायची, "दार लाव गं, टपालखात्यातून निरोप आलाय." मग आई गेली. त्यानंतर बाबा हवेला सांगू लागले. "या घरात कुणी चहा टाकतं की नाही?" हवा काही चहा टाकत नसे, छटाकीच टाकायची. तिनं खूप बोलून बघितलं, रडून बघितलं, ताटावरून उठून बघितलं. भिंतीला बोलावं तसं. शेवटी तीही हवेलाच सांगायला शिकली. "चहा ठेवलाय टेबलावर."

आणि अशा घरात फिल्मवाली बाई आली. बुडत चाललेल्या धंद्यांवर, आणि ते धंदे करणाऱ्या घरांवर ती फिल्म करत होती. खरी माणसं, खरी घरं, नट कुणी नाही. तिच्यासोबत कॅमेरावाला होता, किडकिडीत आणि इतका उंच की दारातून येताना दरवेळी वाकायचा. आत्यानं पहिल्याच दिवशी त्याचं नाव शिडी ठेवलं आणि त्याला माळ्यावरचं जाळं काढायला लावलं.

बाबा अभिमानी माणूस. घरातलं भांडण परक्यांपुढे उघडं पाडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यामुळे दिवा लागला की ते बाप व्हायचे. "छटाकी, ये, बस इथं. हे बघा बाई, ही माझी लेक. लहानपणी वजनं गिळायची. एकदा अर्ध्या तोळ्याचं गिळलं, तर हिची आई म्हणाली, राहू द्या, पोरीचं वजन तेवढंच वाढेल." बाई हसायच्या, शिडी हसायचा, छटाकीही हसायची. मग "कट." दिवा विझायचा. बाबांचं हसू तोंडावर अर्धं राहिलेलं असायचं, तेही ते पुसल्यासारखं काढून टाकायचे.

तिला याची चटक लागली. दुसरा शब्द नाही. कामावर ती दांड्या मारू लागली. बाई निघायच्या बेतात असल्या की ती काहीतरी काढायची. "बाई, बाबांना कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा काटा जोडताना तुम्ही बघितलंच नाही." "बाई, एक जुनं गिऱ्हाईक येणार आहे सोमवारी." सोमवारी कुणी यायचं नाही. मग ती आत्यालाच गिऱ्हाईक म्हणून उभी करायची. आत्या डोक्यावर पदर घेऊन कॅमेऱ्यापुढे म्हणायची, "काय हो काटेवाले, माझा काटा झाला का?" आणि बाबा सख्ख्या बहिणीला म्हणायचे, "उद्या या बाई."

जिन्यात आत्यानं तिला गाठलं. "अगं ए, हा काय तमाशा मांडलायस?"

"बोलतात गं ते आत्या. माझ्याशी बोलतात."

"तो त्या डबड्याशी बोलतो."

"बोलू दे. माझं नाव तर घेतात."

आत्यानं छटाकीचा गाल चिमटीत धरला आणि सोडला.

मग तो प्रकार झाला. बाई म्हणाल्या, मोठी दांडी आढ्यावरून उतरवताना घेऊ. बाबांनी दांडी उचलली, अर्ध्यावर आणली आणि तिथंच थांबले. ओठ निळे पडले. शिडीनं कॅमेरा टाकून दांडी पकडली म्हणून बरं, नाहीतर ती त्यांच्याच पायावर आली असती. छटाकीनं त्यांना टेकवून बसवलं. "कुठं दुखतंय बाबा? छातीत?" बाबांनी श्वास गोळा केला आणि धावत आलेल्या आत्याला सांगितलं, "सांग हिला, काही नाही झालेलं."

दवाखान्यात डॉक्टरांनी छटाकीला बाजूला घेतलं. हृदयाची झडप निकामी होत आली होती. ऑपरेशन केलं तर माणूस उभा राहील. नाही केलं, तर असाच एक दिवस काहीतरी उचलताना, जिना चढताना, नुसतं मोठ्यानं बोलतानासुद्धा. "पण त्यांनी स्वतः हो म्हणायला हवं," डॉक्टर म्हणाले. "मला ते म्हणाले, विचार करतो. तुम्ही मुलगी ना? तुम्ही बोला त्यांच्याशी."

तुम्ही बोला त्यांच्याशी! छटाकीला दवाखान्याच्या व्हरांड्यात एकटीलाच हसू आलं. शेजारच्या बाकावरची बाई तिच्याकडे बघून जरा सरकून बसली.

चित्रीकरणाचे दिवस संपत आले होते. छटाकीनं ठरवलं, दिव्याखालीच विचारायचं. बाबा सोनाराच्या काट्याचं पारडं घासत होते, दिवा लागला होता, बाई खुणेनं म्हणत होत्या, बोला, काहीही बोला. ती म्हणाली, "बाबा, डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करायचं. करायचं ना?"

बाबांचा हात थांबला. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही, कॅमेऱ्याकडे बघितलं. मग हसून म्हणाले, "करायचं की. लेक म्हणतेय म्हटल्यावर करायलाच हवं."

बाईंचे डोळे भरून आले. "कट," त्या हळूच म्हणाल्या. "फार सुंदर."

त्या दुपारीच छटाकीनं डॉक्टरांना फोन करून जागा धरली. सकाळी पिशवी भरली. टॉवेल, चष्मा, जाड मोजे. रिक्षा दारात उभी केली. बाबा खाली दुकानात पाठ करून बसले होते. ती म्हणाली, "बाबा, चला." पाठ हलली नाही. "बाबा, काल तुम्ही हो म्हणालात." बाबांनी कानस घेतली आणि लोखंडावर ओढायला लागले, खर्र, खर्र, तिचा आवाज बुडेपर्यंत. रिक्षावाला दोनदा भोंगा वाजवून निघून गेला.

"फिल्मसाठी म्हणाला गं तो," आत्या म्हणाली. "तूही काय वेड्यासारखी."

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, उद्या दुपारपर्यंत जागा ठेवतो. पुढे रांग मोठी आहे.

छटाकी तशीच उठून बाईंच्या खोलीवर गेली. तिथं सामान बांधणं चाललं होतं. काळ्या पेट्या, वायरींची वेटोळी.

"बाई, अजून एक दिवस या."

"ताई, गाडी आज निघतेय. पुढचं गाव ठरलंय."

"एकच तास. दिवा लावा, मी त्यांना रिक्षापर्यंत नेते, दवाखान्याच्या दारापर्यंत तुम्ही मागून या. दिवा चालू असला की ते येतील."

बाईंना आधी कळेना. मग छटाकीनं सांगितलं. सगळं. आई, टपालखातं, हवा. बाई पेटीवर बसल्या.

"म्हणजे तुम्ही दोघं बोलतच नाही?"

"नाही."

"पण मी फिल्मचा शेवट त्याच वाक्यावर करणार आहे," बाई म्हणाल्या. "लेक म्हणतेय म्हटल्यावर..." त्यांचा आवाज बसला. मग त्या सावरल्या. "ताई, ते वाक्य खोटं नसेल हो. कॅमेऱ्यापुढे माणूस कधीकधी खरं बोलून जातो."

"मग ते खरं तुमच्या पेटीत गेलं," छटाकी म्हणाली. "माझ्या घरात काय राहिलं?"

बाईंनी तिचा हात धरला, खूप वेळ धरला. पण गाडी त्यांच्या हातात नव्हती. गाडी गेली.

शिडी तेवढा मागे राहिला होता. त्या दिवशी दांडी पकडताना टाकलेला कॅमेरा आतून मोडला होता, पुढचं चित्रण दुसऱ्या कॅमेऱ्यावर झालं होतं. मोडका कॅमेरा दुरुस्तीला देऊन दुसऱ्या दिवशी बसनं तो जाणार होता. सकाळी तो कॅमेरा घेऊन निघताना तो आत्याची शिडी, म्हणजे खरी लाकडी शिडी, परत द्यायला आला, तेव्हा छटाकीनं त्याला जिन्यातच अडवलं.

"दादा, हा कॅमेरा खांद्यावर घे आणि नुसता उभा राहा."

"ताई, मेलाय तो. काही चालत नाही. दिवासुद्धा लागत नाही."

"दिव्याचं मी बघते."

तिच्या कामाच्या पिशवीत एक बिघडलेला काटा होता. तिनं तो पालथा करून उघडला, त्यातला लाल दिवा काढला, सर्किट-सेलसकट. काळी पट्टी लावून कॅमेऱ्यावर नेमका जागेवर बसवला. सेल दाबला. लागला. अगदी तस्साच.

"हे बरं नाही ताई," शिडी म्हणाला.

"बरं काय आहे, ते सांग. ते करते."

शिडीनं कॅमेरा खांद्यावर घेतला आणि वाकून दुकानात शिरला. "काटेवाले, एक राहिलंय घ्यायचं. तुम्ही दवाखान्यात निघताय, तेवढं."

बाबांनी वळून बघितलं. नजर नेहमीसारखी आधी दिव्यावर गेली. दिवा जळत होता. बाबांचे खांदे सैल झाले. तोंडावर ते हसू आलं. अलीकडे त्यांची मान वयामुळे आपोआप हलायची, बारीक, हो म्हटल्यासारखी. गिऱ्हाइकं त्या मानेला फसायची. काटा उद्या मिळेल ना? मान हलायची, आणि उद्या काही काटा मिळायचा नाही. ती मान आताही हलत होती.

"हो का," बाबा म्हणाले. "छटाकी, माझी टोपी कुठं ठेवलीस?"

"ही बघा. उठा, मी धरते."

ते उठले. तिनं दंडाला धरलं. हाताला हाडच लागलं. कितीतरी वर्षांनी ते तिला आपणहून अंगाला हात लावू देत होते. एक पाऊल, मग दुसरं. दारापर्यंत आले. बाहेर रिक्षा उभी होती.

आणि दिवा लुकलुकायला लागला.

सेल उतरला होता. त्या काट्यांची खोडच ती. सेल उतरला की दिवा असा डोळे मिचकावतो, म्हणजे दुकानदाराला कळावं. हजार वेळा तिनं ते दुकानदारांना समजावून सांगितलं होतं. आणि आज स्वतःच विसरली होती.

बाबा थांबले. दिव्याकडे बघत राहिले. मग तिचा हात दंडावरून काढला.

"हा धान्यवाल्याच्या गल्ल्यावर असतो," ते म्हणाले. "हा तुझ्या काट्यातला."

शिडीनं कॅमेरा खाली घेतला. त्याचे कान लाल झाले होते. छटाकीला आधी कळलंच नाही, की काय घडलंय. मग कळलं. कॅमेरा खाली होता. आणि बाबा तिच्याशी बोलले होते.

"हो," ती म्हणाली. "माझ्या काट्यातला."

"मला फसवतेस? माझ्याच दुकानात?"

"फसवते! काय करू मग? तुम्ही त्या डबड्याला हो म्हणता आणि मला पाठ दाखवता!"

"मी नाही जाणार. नाही म्हणजे नाही."

"का नाही?"

"माझी मर्जी." त्यांनी दाराची चौकट धरली. "तू त्या धान्यवाल्याकडे... तुझ्या हातानं उतरवलास तो काटा."

"कंपनीची दुसरी माणसं आपटणार होती हो बाबा! फरशीवर टाकून तोडणार होती. मी म्हटलं, मी उतरवते. घरी आणला. माळ्यावर आहे. आईनं चादरीत गुंडाळून ठेवलाय."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"मी तेल लावतो त्याला." बाबांचा श्वास वर लागला होता, तरी शब्द येतच होते, इतक्या वर्षांचे, एकावर एक. "आपटू द्यायचा होता. दुसऱ्यानं तोडला असता तर... मी रडलो असतो... मोकळा झालो असतो. तुझ्या हातानं नको होता. माझ्या बाबांनी केलेला, मी तुला... तुला शिकवलं त्याच्यावर... आणि तूच..."

आवाज ऐकून आत्या जिन्यावर आली होती आणि तिथंच कठडा धरून उभी होती. छटाकीचे डोळे वाहत होते. हेच तर तिला हवं होतं. शिव्या असोत, काहीही असो, तिच्याकडे तोंड करून. बोला बाबा, अजून बोला, असं तिचं सगळं अंग म्हणत होतं. मग तिचं लक्ष त्यांच्या ओठांकडे गेलं. ओठ निळे पडत होते. प्रत्येक शब्दागणिक ते थोडे आणखी निळे होत होते, आणि बाबा थांबत नव्हते.

डॉक्टरांचे शब्द तिला आठवले. नुसतं मोठ्यानं बोलतानासुद्धा.

"बाबा," ती म्हणाली. "बाबा, बोलू नका."

"का नको बोलू? इतकी वर्षं..."

"नका हो बोलू! पाया पडते तुमच्या. गप्प राहा. माझ्याशी एक शब्द बोलू नका."

बाबा खाली उंबऱ्यावर बसले. छातीचा भाता चालला होता. शिडी पाण्यासाठी आत धावला. कोपऱ्यात ठेवलेल्या कॅमेऱ्यावर दिवा अजून लुकलुकत होता, आणि बाबा त्याच्याकडे बोट करत होते. छटाकीनं जाऊन पट्टी उपटली, सेल काढून टाकला. दिवा विझला. मग ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, लहानपणी बसायची तशी.

"नुसती मान हलवा," ती म्हणाली. "दुसरं काही नको. जायचं ना?"

बाबा तिच्याकडे बघत होते. दिवा नव्हता, कॅमेरा नव्हता, तरी तिच्याकडेच. त्यांची मान हलत होती. बारीक, वरखाली, जशी ती सकाळपासून रात्रीपर्यंत हलायची. तो होकार होता, की वय होतं, हे सांगायला क्षणभर थांबायला हवं होतं. तिला ते ठाऊक होतं. टाळूवरच्या सगळ्या टपल्या तिला आठवत होत्या.

ती थांबली नाही.

"हो म्हणाले," ती आत्याकडे बघून ओरडली. "आत्या, हो म्हणाले! पिशवी दे ती. दादा, तिकडून धर त्यांना." आणि तिनं बाबांच्या काखेत हात घालून त्यांना उचललं, रिक्षात बसवलं. बाबा काही बोलले नाहीत. टोपी पडली ती आत्यानं उचलून दिली.

रिक्षा सुरू झाली. छटाकीनं त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरलं, घट्ट, म्हणजे ती मान आता हलते आहे का, आणि कशी हलते आहे, हे तिला दिसू नये.